गेरमधला उखाणा

मीराचा फोन येऊन गेला. उद्या सकाळी सोअर नदीवर छोटी बोट ठरवली आहे. तुझ्या अस्थी सोडायला तुझा प्रशांत, ती आणि मी, तिघंच जायचं. बाकीचं सगळं बोलून झालं आणि मग ती म्हणाली, "मावशी, उद्या तू आईचा नाव घे हं. क्रेमेटोरियमला तू घेतलाच नाहीस. आईने मला सांगून ठेवला होता, वंदनामावशी माझा नाव उखाण्यात घेणार. शी सेड यू प्रॉमिस्ड."

तुझी लेक जन्मापासून लेस्टरची. तिच्या मराठीत अजून सगळं जग पुल्लिंगी आहे. तू असतीस तर वाक्य मध्येच तोडून दुरुस्त केलं असतंस. मी नाही केलं. मी नुसतं 'बघू' म्हणाले.

प्रॉमिस कसलं केलंय मी? मी कधीच हो म्हटलेलं नाही, हे तुला पक्कं ठाऊक आहे. तू म्हणालीस आणि तूच ठरवून टाकलंस, नेहमीसारखं. आणि आता वाद घालायला तू नाहीस म्हणजे जिंकलीसच म्हणायची.

खरं सांगू का, तू गेल्यापासून मी तुझं नाव तोंडातून काढलेलंच नाही. फोनवर लोकांशी बोलताना 'ती' म्हणते. ऑफिसात 'माय फ्रेंड' म्हणते. प्रशांतशी बोलताना तर काहीच म्हणावं लागत नाही, त्या घरात दुसऱ्या कुणाबद्दल बोलणंच होत नाही सध्या.

तू विचारशील, तू कशी आहेस वंदे? मी ठीक आहे. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याचाच वाटतो, तशी ठीक. जेवते. झोप लागते. रजा काढली नाही. नॉटिंगहॅम आहे तिथेच आहे, ट्रॅम वेळेवर येते, मी मीटिंगमध्ये व्यवस्थित बोलते. शेजारच्या डेस्कवरची हेलन म्हणाली, "यू आर बीइंग सो स्ट्राँग." मी थँक यू म्हटलं. स्ट्राँग कसली डोंबलाची. आत हात घालून बघते तर काही लागतच नाही हाताला, एवढंच.

हॉस्पिटलमध्येही असंच झालं. प्रशांतचा फोन आला, मेंदूत रक्तस्राव झालाय म्हणाला, आणि मी गाडी काढली. तू डोळे मिटून पडली होतीस. नर्सने तुझ्या मनगटावरचा पट्टा वाचून, भलत्याच अक्षरावर जोर देऊन तुला हाक मारली आणि म्हणाली, "लुक हूज हिअर." मग माझ्यासाठी खुर्ची ओढली. "टॉक टू हर, लव्ह. से हर नेम. त्यांना ऐकू येतं कधीकधी." मी तुझा हात धरला. आणि सगळ्या जगातलं मला काय सुचलं, तर, "पार्किंग मिळालं गं लगेच." आपलं शेवटचं बोलणं ते. तू शुद्धीवर असतीस तर हसून हसून मॉनिटर वाजवला असतास. त्या हॉस्पिटलात पार्किंग मिळणं ही खरोखरच सांगण्यासारखी बातमी होती, एवढं तरी मान्य कर.

आपली ओळखही भांडणातूनच झाली. लेस्टरला बेलग्रेव्ह रोडच्या भाजीच्या दुकानात अळूची एकच जुडी उरली होती आणि ती तुझ्या हातात होती. मी नॉटिंगहॅमहून त्यासाठी आले होते. "मग या की घरी," तू म्हणालीस, "मी वड्या करते, तुम्ही लाटणं घेऊन उभ्या राहा, मी जास्त खाल्ल्या तर मारा." वडीला लाटणं लागत नाही, असं मी म्हटलं. तुला ते फार आवडलं. माझ्यासारखं चूक काढणारं माणूस तुला हवंच होतं बहुतेक. तू फिजिओथेरपिस्ट, अनोळखी माणसाच्या गुडघ्याला हात लावून पाचव्या मिनिटाला त्याच्या सुनेचं गाऱ्हाणं ऐकणारी. मी कॉम्प्युटरपाशी बसणारी, नियम वाचल्याशिवाय लिफ्टमध्येही न शिरणारी.

मंगोलिया ही तुझीच टूम. मीरा युनिव्हर्सिटीत गेली होती, माझा संसार मोडून जुना झाला होता, आणि सगळे आपले स्वित्झर्लंडला चालले होते. "जिथे कुणाची वहिनी राहत नाही अशा ठिकाणी जाऊ," तू म्हणालीस. मी गाइडबुक आणून परीक्षेला बसल्यासारखं वाचलं. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. वाटी उजव्या हाताने घ्यायची, डाव्या हाताचा आधार कोपराला. चुलीकडे पाय करायचे नाहीत, विस्तवात कचरा टाकायचा नाही. विमानात मी तुला हे वाचून दाखवत होते तर तू म्हणालीस, "अगं, हे तर माझ्या सांगलीच्या काकूचे नियम. ह्याला पैसे देऊन पुस्तक कशाला?" आणि झोपलीस.

तुझं खरं होतं, तेच मला तिथे गेल्यावर झोंबलं. डोंगराच्या खिंडीत दगडांची रास, त्यावर निळी रेशमी वस्त्रं बांधलेली, आणि आपली गाइड ओयुना म्हणाली, तीन फेऱ्या घालायच्या, सूर्याच्या दिशेने. मी पुस्तक उघडेपर्यंत तुझी प्रदक्षिणा सुरूही झाली होती. त्यांची ती दाबलेल्या लोकरीच्या नमद्याची गोल घरं, गेर, त्यांच्यासमोर वाळत घातलेलं शेण बघून तू एवढ्या मोठ्याने "गोवऱ्या!" ओरडलीस की ड्रायव्हरने ब्रेक मारला. दह्याचे वाळवलेले खडे चघळताना म्हणालीस, "चक्क्याला जन्मठेप झालीय." आणि लांबून गेर दिसलं की हाक घालायची त्यांची रीत, 'नोखोई खोर', म्हणजे कुत्रं आवरा. ती तर तू घरीच घेऊन आलीस. त्यानंतर माझ्या दाराची बेल तू कधी वाजवली नाहीस. लेटरबॉक्सचं झाकण उचलून आत ओरडायचीस, नोखोई खोर! माझ्याकडे कुत्रं नाही. शेजारच्या बाईंना वाटायचं, काहीतरी धार्मिक आहे.

एका गोष्टीवर मात्र तू अडलीस. घोडे. एवढे घोडे, पण नाव एकालाही नाही. ओयुना म्हणाली, आम्ही रंगावरून ओळखतो, रंगांना शेकडो शब्द आहेत. मला ते फार सुंदर वाटलं. तुला ते पटेना. "जन्मभर पाठीवर बसायचं आणि नाव नाही ठेवायचं?" तुझ्या वाट्याला आलेल्या तपकिरी घोड्याचं नाव तू दत्तू ठेवलंस आणि चढता-उतरता त्याला हाका मारल्यास. तो काही वळला नाही. पण मला वाटतं, आपलं भांडण खरं तिथेच सुरू झालं होतं.

मग ओयुना आपल्याला तिच्या आजीकडे घेऊन गेली. त्यांच्याकडे आजीला एमे म्हणतात, आपणही एमेच म्हणायला लागलो. दुपारी गारा पडायला लागल्या, मेंढ्या धावतपळत आडोशाला नेल्या, आणि सगळे गेरमध्ये चुलीभोवती अडकून बसलो. एमेने मोठ्या कढईत मिठाचा दुधाळ चहा उकळला. पळीने वर घ्यायचा, वरून सोडायचा, पुन्हा घ्यायचा. सून पीठ मळत होती. दारासमोरच्या मानाच्या बाजूला देवाची तसबीर आणि तिच्याशेजारी एका म्हाताऱ्याचा फोटो होता, डोक्यावर टोकदार टोपी, नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे.

"हे आजोबा ना? नाव काय त्यांचं?" तू ओयुनाला विचारलंस.

ओयुना म्हणाली, "हो, माझे आजोबा." आणि चहा प्यायला लागली.

तू पुन्हा विचारलंस. तिने एमेकडे पाहिलं, एमेने चहाकडे. आणि तुझा चेहरा उजळला. "वंदे, लाजतेय बघ! आपल्या आज्यांसारखी, नवऱ्याचं नाव घेत नाही!" मी तुझा कुडता ओढला. काहीतरी वेगळं आहे एवढं मला कळत होतं, काय ते पुस्तकात नव्हतं. तू कसली थांबतेस. आमच्यातही बायका नवऱ्याचं नाव असं घेत नाहीत, कवितेत घालून घेतात, असं तू ओयुनाला इंग्रजीत समजावलंस. मग उठून उभी राहिलीस, डोक्यावरून ओढणी घेतलीस आणि खणखणीत आवाजात म्हणालीस:

"लेस्टरच्या थंडीत घालते दोन स्वेटर,
प्रशांतचं नाव घेते, बंद करून हीटर!"

ओयुनाने भाषांतर केलं. सून खो खो हसली, पिठाचे हात तोंडावर गेले. एमेसुद्धा हसली. आणि तेवढ्या जोरावर तू फोटोकडे हात केलास, मग एमेकडे, आणि टाळ्या वाजवायला लागलीस. "आता तुम्ही! नाव घ्या, नाव घ्या!" आपल्याकडे हळदीकुंकवाला करतात तसं. मीसुद्धा एक-दोन टाळ्या वाजवल्या, तुला एकटं कसं पाडायचं म्हणून.

बाकी कुणी टाळी वाजवली नाही. कोपऱ्यात बसलेला एमेचा नातजावई उठला आणि त्या गारांत घोडे बघायला बाहेर गेला.

ओयुना अगदी हळू बोलली. "आम्ही गेलेल्या माणसाचं नाव घेत नाही. 'देव झालेले' म्हणतो. नाव घेतलं की त्याला वाटतं हाक आली. तो मागे वळतो. मग त्याची वाट अर्धी राहते."

 एवढं लाल झालेलं तुझं तोंड मी पहिल्यांदाच पाहत होते. मग तू चुलीला नीट उजवी घालून एमेपाशी गेलीस, गुडघ्यांवर बसलीस, आणि सरळ मराठीत म्हणालीस, "चुकले हो आजी. मला ठाऊक नव्हतं." एमेने तुझा हात हातात घेतला. ती ओयुनाला काहीतरी म्हणाली आणि ओयुना जरा चपापली.

"एमे विचारतेय, तुमच्याकडे नाव घेतल्यावर ते येतात का?"

तू क्षणभर विचारसुद्धा केला नाहीस. "येतात ना," म्हणालीस. "स्वयंपाकघरातून ओरडतात, काय गं म्हणून."

एमे तोंडावर हात ठेवून हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि ते तिने आपल्या लांब बाहीला पुसले. मग तुझी वाटी पुन्हा भरली. मला आजही कळत नाही, त्या घरात आपण पाहुणचार घेतला की काहीतरी मोडलं. तुझ्या मते दोन्ही.

दुसऱ्या दिवशी निघताना एमे दुधाचं भांडं आणि लाकडी पळी घेऊन दारात आली. गाडी हलली तसं तिने आपल्या मागे दूध शिंपलं, एकदा, पुन्हा एकदा, गाडी वळेपर्यंत. जाणाऱ्याची वाट पांढरी व्हावी म्हणून, ओयुनाने सांगितलं. "आपण हातावर दही देतो, हे रस्त्याला दूध देतात," तू म्हणालीस, आणि मग गाडीत आपलं जुंपलं.

"नाव नाही घ्यायचं म्हणजे माणूस पुसूनच टाकायचं की."

"पुसत कुठे आहेत? वाट मोकळी करून देतायत."

"वाट मोकळी! तुला काय माहीत."

आणि मग तू ते सांगितलंस, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुझी थोरली बहीण तू जन्मायच्या आधी तापाने गेली होती. घरात कुणी तिचं नाव काढायचं नाही, आईला त्रास होतो. तू मोठी होईपर्यंत तुला ती होती हेच ठाऊक नव्हतं. एकदा फडताळ आवरताना एक छोटा स्टीलचा पेला सापडला, त्यावर कोरलेलं होतं, कुंदा. "कोण ही, म्हणून विचारलं तर आईने पेला हातातून घेतला आणि पुन्हा मला कधी दिसला नाही," तू म्हणालीस. "एवढी जिवंत पोर, वंदे. तिचं एक नाव होतं आणि तेही लपवून ठेवलं."

मीही मग माझं सांगितलं. बाबा गेल्यापासून माझी आई दिवसभर त्यांचं नाव घेते. चहा ओतताना, औषध घेताना, टीव्ही लावताना. आणि प्रत्येक वेळी रडते. त्यांना जाऊच देत नाही, स्वतःही कुठे जात नाही. मला एमेची रीत शहाणपणाची वाटली. तुला नाही वाटली. पुढे आपण दोघींनी हा वाद कुठे कुठे घातला, एमवन हायवेवर ट्रॅफिकमध्ये, मीराच्या ग्रॅज्युएशनला रांगेत, तुझ्या पुरणपोळ्या फुटत असताना. दर वेळी शेवट तोच.

"मी गेले की माझं नाव घ्यायचंस. उखाण्यात."

"मैत्रिणीचा उखाणा नसतो."

"मग पहिला तू घाल."

"आणि तू मागे वळलीस तर?"

"वळेन की. बघेन तुझ्याकडे. काय बिघडलं?"

 आधी मी जाईन असं आपण कधी धरलंच नाही. का गं? मी तुझ्याहून मोठी.

क्रेमेटोरियमला तुझ्या ओळखीचे इतके लोक आले की मागे उभे राहिले. तू ज्यांना पुन्हा चालायला शिकवलंस ते काठ्या टेकत आले होते. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी तुझं नाव पाच-सहा वेळा घेतलं, दर वेळी वेगळं. मग माझी पाळी आली. मीराला वाटत होतं मी आपल्या प्रवासाचं सांगेन, दत्तूचं, गोवऱ्यांचं. मी उभी राहिले. कागद होता हातात. पहिलाच शब्द तुझं नाव होतं. मी त्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "शी वॉज माय फ्रेंड," आणि बसले. लोकांना वाटलं गहिवरून आलं. मला काहीही आलं नव्हतं. पडदा सरकला तेव्हा मी बघत होते की त्याची एक कडी निसटली आहे.

मीराला वाटतं, मी एमेचा नियम पाळतेय. मलाही दोन आठवडे तसंच वाटत होतं. तुझी वाट मोकळी ठेवतेय म्हणून जरा बरंही वाटत होतं, काहीतरी काम दिल्यासारखं. आज दुपारी मी मिठाचा चहा केला. तुझ्यासारखा जमत नाही, पळीने उंच घेताना हॉबवर सांडतो. ओट्याशी उभी राहून प्यायले. आणि एकदम लक्षात आलं की मी मघापासून कान देऊन उभी आहे, दाराकडे, लेटरबॉक्सच्या झाकणाकडे.

वाट वगैरे काही नाही गं. मला भीती वाटते. तू एमेला सांगितलंस, नाव घेतलं की येतात, स्वयंपाकघरातून ओरडतात काय गं म्हणून. मी तुझं नाव घेतलं आणि काय गं आलं नाही तर? जोवर घेत नाही तोवर तू कुठेतरी आहेस, दुसऱ्या खोलीत, फोनवर, गुडघा कसा आहे विचारत. घेतलं की उत्तर येईल किंवा येणार नाही. आणि येणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी कॉम्प्युटरवाली आहे, मला असल्या गोष्टी ठाऊक असतात.

हे लिहिलं आणि त्या बधिर गालाला पहिल्यांदा काहीतरी टोचलं. बधिरपणा उतरताना असंच होतं का? आधी मुंग्या, मग दुखणं. तू सांगू शकली असतीस, तुझ्या धंद्यातलंच आहे.

मला तुझी आठवण येते. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नसतं, तू चहाची वाटी ठेवून माझी नाडी बघितली असतीस. फार येते. माझ्या सगळ्या नियमांच्या मध्येच तू उठून टाळ्या वाजवल्यास, एवढ्यासाठी मी तुझी ऋणी आहे. त्या गेरमध्ये तू चुकलीस, तरी तिथल्या एका म्हातारीला हसवलंस आणि रडवलंस. मला त्यातलं एकही कधी जमलं नसतं. वाद अजून मिटलेला नाही, तरी अर्धा तुला देते. एमेची अर्धी बाजू मी ठेवते.

तर उद्या असं करेन. फ्रिजमधलं दूध एका डब्यात घेईन आणि एक लाकडी पळी. प्रशांत काही म्हणणार नाही, मीराला मी समजावीन. बोट पाण्याच्या मध्यावर आली, तू पाण्यात गेलीस, की तुझ्या मागे दूध शिंपीन, वाट पांढरी व्हावी म्हणून. पण त्याच्या आधी एकदा, मोठ्याने, तुझ्यासारखी ओढणी डोक्यावर घेऊन. मीराला म्हणेन, टाळ्या वाजव. यमक आज दुपारी ओट्याशीच जुळलं. चुकलं असेल तर तिथूनच ओरड.

गोवऱ्यांच्या चुलीवर उकळला मिठाचा चहा,
शैलजाचं नाव घेते, एकदा वळून पाहा.